गुरांच्या ठेवणीवरून व हालचालींवरून त्यांची अवस्था ओळखणे

गुरांच्या दवाखान्यात आजारी जनावर आणले म्हणजे पशुवैद्याचा पहिला प्रश्न असतो, ‘हे केव्हापासून आजारी आहे?’ त्यावर ‘कालपर्यंत अगदी चांगले होते’ असेच उत्तर बहुधा मिळते. उत्तर देणारा मालक खोटे बोलत नसतो. काल गायीने वैरण खाल्लेली असते, थोडेफार दूध दिलेले असते व ती आपल्या पायांवर उभी असते; यापलीकडे पाहण्याचे त्याला कारण पडलेले नसते. परंतु त्याच गायीचा रवंथ पुष्कळदा दोन दिवस आधीच कमी झालेला असतो, ती दावणीच्या कडेला कान टाकून उभी राहू लागलेली असते आणि उठताना पूर्वीपेक्षा अधिक वेळ घेत असते. या साऱ्या गोष्टी गोठ्यात, घरातील माणसांच्या डोळ्यांदेखत घडतात. त्या पाहण्याची सवय नसल्यामुळे मात्र उपचाराचे दोन मोलाचे दिवस वाया जातात.

जनावर ओरडत नाही म्हणजे त्यास दुखत नाही, हा समज प्रथम सोडून दिला पाहिजे. गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांचे मूळचे पूर्वज कळपाने राहणारे आणि हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होणारे प्राणी होते. कळपात जे लंगडते, मागे रेंगाळते किंवा कण्हते, त्याच्यावर श्वापदाची नजर आधी पडते. म्हणून दुखणे होईल तितके न दाखविणे हा या जनावरांचा स्वभावच बनला आहे. पायात काटा रुतताच कुत्रे केकाटते. बैल तोच काटा घेऊन दिवसभर औत ओढतो. त्याचे दुखणे त्याच्या आवाजात शोधून सापडणार नाही. ते पाठीच्या वळणात, कानांच्या ठेवणीत व पाऊल टाकण्याच्या रीतीत शोधावे लागते.

निरोगी जनावराची ओळख

आजार ओळखावयाचा तर आपल्या गोठ्यातील प्रत्येक जनावर बरे असताना कसे वागते, हे आधी ठाऊक असावे लागते. निरोगी गाय दिवसरात्र मिळून साधारणतः १० ते १२ तास बसून विश्रांती घेते आणि सुमारे ७ ते ८ तास रवंथ करते. हा रवंथ सलग नसून अनेक वेळा विभागून होतो. तोंडात आलेला एक घास ती सामान्यतः ४० ते ६० वेळा चावते व नंतर गिळते. दुपारी गुरे सावलीत बसली असता घड्याळ न पाहताही हे मोजता येते. एखादी गाय वीस-पंचवीस वेळा चावून थांबू लागली, किंवा बाकीची गुरे रवंथ करीत असता तीच नुसती शून्य नजरेने बसून राहिली, तर तिच्याकडे लक्ष द्यावे. मोठ्या दुग्धालयांतून आता गुरांच्या गळ्यात यंत्र बांधून रवंथाची व हालचालींची नोंद घेतली जाते. चार-दोन जनावरे बाळगणाऱ्यास त्या यंत्राची गरज नाही, मात्र यंत्र जे पाहते ते त्याने पाहिले पाहिजे.

सर्व जनावरांना एकच माप लावता येत नाही. खिल्लार बैल जात्याच चपळ व तापट असतो. परक्या माणसाची चाहूल लागताच तो मान उंचावतो, कान रोखतो. असा बैल एखाद्या दिवशी म्हशीसारखा थंड उभा राहिला व अनोळखी माणसाने जवळ येऊन हात लावला तरी हलला नाही, तर ‘आज मोठा शहाण्यासारखा वागला’ असे समजून मालकाने निर्धास्त होऊ नये. उलट गरीब म्हणून नावाजलेली देवणी गाय अंगाला हात लावू देईनाशी झाली, तर तिची खोड काढण्यापूर्वी तिला कोठे दुखते आहे काय, हे तपासावे. बदल हीच मुख्य खूण होय.

पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. आंबोणाची पाटी पुढे आली की आजारी जनावरसुद्धा उठून उभे राहते व क्षणभर बरे दिसते. म्हणून पहाटे गोठ्यात झाडू अथवा वैरण नेण्यापूर्वी पाच मिनिटे बाहेरच उभे राहावे. कोण बसले आहे, कोण एकटेच उभे आहे, कोणाचे तोंड भिंतीकडे आहे, कोणाखाली शेण पडलेले नाही, हे त्या पाच मिनिटांत कळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यानेही दुसऱ्याच्या गोठ्यात गेल्याबरोबर जनावरास हात लावण्याची घाई करू नये. परका माणूस दिसताच जनावर सावध होते, आणि सावध झालेले जनावर दुखणे झाकते.

कान, डोळे, मान व शेपटी

स्वस्थ गायीचे कान आवाजाच्या दिशेने फिरत असतात. आजारी गायीचे कान सैल पडतात, एक पुढे तर एक मागे असे विस्कळीत दिसतात व हातास थंड लागतात. कान मागे वळवून ताठ धरलेले असतील तर ते भीतीचे, रागाचे किंवा वेदनेचे चिन्ह समजावे. डोळ्याचा पांढरा भाग नेहमीपेक्षा अधिक दिसणे हे जनावर बिथरल्याचे लक्षण आहे. डोळे खोल जाणे हे शरीरातील पाणी कमी झाल्याचे. नाकपुडीवर सदैव ओलावा असावा, कारण निरोगी गाय ती वरचेवर जिभेने चाटीत असते. शेपटी सैल लोंबत असणे चांगले. ती दोन पायांत दाबून धरलेली असल्यास थंडी, भीती अथवा दुखणे यांचा संशय घ्यावा, आणि शेपटी बराच वेळ अंगापासून दूर धरलेली असल्यास मलमूत्र विसर्जनास त्रास होत आहे किंवा वीत जवळ आली आहे, असे समजावे.

डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी गायींच्या वेदना ओळखण्यासाठी अशाच खुणांचा अभ्यास करून २०१५ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. सभोवतालाकडे लक्ष नसणे, डोके पाठीच्या रेषेखाली उतरणे, कान मागे किंवा खाली जाणे, चेहऱ्यावर ताण दिसणे, पाठीस कमान येणे आणि माणूस जवळ आला असता दूर न सरकणे अथवा नेहमीप्रमाणे प्रतिसाद न देणे, या तीतील प्रमुख बाबी होत. जाणत्या गुराख्यास यांपैकी बहुतेक खुणा ठाऊक असतात. परंतु जाणते गुराखी आता थोडे उरले आहेत, आणि गोठ्याची जबाबदारी अनेकदा ज्यांना कोणी काही शिकविलेले नाही अशा घरातील मुलांवर येऊन पडते.

२०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची मोठी साथ आली. या रोगात अंगावर गाठी उठण्यापूर्वी ताप येतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी गळते, दूध घटते आणि जनावर मलूल होऊन उभे राहते. गाठी दिसण्याची वाट पाहणारा मालक आजारी जनावर वेगळे बांधण्यास तितकाच उशीर करतो.

बैल आळशी नसतो

औताचा बैल जू मानेवर घेताना मान वळवू लागला, मध्येच थांबू लागला किंवा तासात बसू लागला, म्हणजे त्याला आळशी ठरवून चाबूक उगारण्याची रीत आहे. ही रीत निर्दय तर आहेच, पण तोट्याचीही आहे. अशा बैलांपैकी पुष्कळांना खांदेसूज झालेली असते. प्रारंभी जुवाखालील कातडी गरम लागते, दाबली असता बैल अंग चोरतो. या वेळी आठ-दहा दिवसांची विश्रांती व योग्य उपचार मिळाले तर बैल बरा होतो. तसेच काम घेत राहिल्यास जखम, पू व जुनाट गाठ अशी पुढची वाट ठरलेली असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलाचे खांदे तेल किंवा तूप व हळद लावून चोळण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. तो हात वर्षातून एकदाच फिरण्याऐवजी पेरणीच्या व नांगरटीच्या दिवसांत रोज संध्याकाळी जू उतरल्यावर फिरला, तर खांदेसूज पहिल्याच दिवशी कळेल.

लंगडणे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. जनावर सपाट जमिनीवर उभे असता व चालत असता, दोन्ही वेळा त्याची पाठ बाजूने पाहावी. उभे असताना पाठ सरळ आणि चालताना तिला कमान येते, तर पायाचे दुखणे सुरू झाले आहे. उभे असतानाही कमान असेल तर दुखणे वाढले आहे. पुढच्या पायास इजा असल्यास तो पाय टेकताना डोके वर जाते व चांगला पाय टेकताना खाली येते. लंगडणे उघड दिसू लागेपर्यंत थांबू नये; खूर उचलून त्याच्या बेचक्यातील खडा, काटा अथवा कुजलेला भाग पाहावा.

उठण्याची व बसण्याची तऱ्हाही पाहण्याजोगी असते. गुरे उठताना प्रथम मागचा भाग उचलतात, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर राहतात आणि मग पुढचे पाय सरळ करतात. घोड्याप्रमाणे आधी पुढचे पाय उचलून उठणारी गाय दिसली, तर एक तर तिचे दावे इतके आखूड आहे की डोके पुढे झोकण्यास तिला जागा नाही, किंवा तिच्या छातीच्या अथवा पोटाच्या पुढील भागात दुखत आहे. वैरणीबरोबर तारेचा तुकडा वा खिळा पोटात गेला असता तो जाळीदार कोठ्यात अडकून पुढे हृदयाकडे सरकू शकतो. अशी गाय कोपरे अंगापासून बाहेर काढून व पाठ उचलून उभी राहते, उतार उतरण्यास नाखूष असते आणि उठता-बसता कण्हते. पोळीखाली व छातीवर सूज आल्यावर पुष्कळदा उपाय चालत नाही. गव्हाणीभोवती तारा टाकू नयेत हे सर्वांना ठाऊक असते. तरीही कडब्याच्या पेंढ्या तारेने बांधण्याची सवय सुटत नाही, हे आश्चर्य होय.

पोटाच्या तक्रारी व वीत

पोटात कळ येत असलेले जनावर वरचेवर आपल्या कुशीकडे मान वळवून पाहते, मागच्या पायाने पोटावर मारते, बसते व लगेच उठते. डावी भकाळी फुगून पाठीच्या कण्याएवढी वर आली, मान पुढे ताणली व तोंड उघडून श्वास सुरू झाला, तर ती पोटफुगी होय व तेथे घटकाभराचाही विलंब परवडत नाही. पशुवैद्य येईपर्यंत जनावर चढावर, पुढचे पाय उंच राहतील असे उभे करावे व बसू देऊ नये. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाल्ल्याबरोबर जनावर थरथरू लागले, धापा टाकू लागले व पाय लटपटू लागले, तर त्यास किराळ लागले आहे, असे जाणून तत्काळ पशुवैद्यास बोलवावे.

गाभण म्हैस दिवस भरल्यावर अस्वस्थ होते, वारंवार ऊठबस करते, कळा देते, परंतु पाण्याची पिशवी दिसत नाही, तर गर्भाशयास पीळ पडल्याचा संशय घ्यावा. म्हशींत हा प्रकार गायींपेक्षा अधिक आढळतो. अशा वेळी ‘आणखी थोडी वाट पाहू’ म्हणणे, किंवा माहिती नसलेल्याने आत हात घालून ओढाताण करणे, दोन्ही घातक आहेत.

व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः भरपूर दूध देणाऱ्या गायीस, दुग्धज्वर होण्याचा संभव असतो. या रोगाच्या नावाने पुष्कळांची फसगत होते, कारण यात ताप नसतो. उलट कान व अंग थंड पडते. गाय प्रथम लटपटते, मग छातीवर बसते आणि मान नागमोडी वळवून डोके कुशीवर टाकते. तिची गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असते. म्हणून तिला नळीने औषध अथवा गूळपाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाऊन ती त्यानेच दगावते. रक्तातील कॅल्शियम घटल्यामुळे हे होते व पशुवैद्याने शिरेतून कॅल्शियम दिल्यावर बहुतेक गायी थोड्याच वेळात उठून उभ्या राहतात.

माज

गाय माजावर आली की ती हंबरते, इतर गायींवर चढते, निरणातून काचेसारखा पारदर्शक चिकट सोट टाकते, आणि दुसरी गाय अंगावर चढली असता स्थिर उभी राहते. ही शेवटची खूण सर्वांत विश्वासाची. माज सुमारे १२ ते १८ तास टिकतो. सकाळी दिसल्यास त्याच सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करावे.

म्हशीची गोष्ट निराळी आहे. ती क्वचितच दुसरीवर चढते, सोट कमी टाकते आणि तिच्या माजाच्या खुणा रात्री व पहाटे अधिक दिसतात. उन्हाळ्यात तर माज इतका अस्पष्ट असतो की त्यास मुका माज असेच नाव पडले आहे. मालक सकाळी आठ वाजता पाहतो तोवर सारे संपलेले असते. म्हैस थोड्या थोड्या वेळाने लघवी करते, निरण सुजलेले दिसते, खाण्यावरून मन उडते, एरवी वेळेवर पान्हावणारी म्हैस त्या दिवशी पान्हा देण्यास उशीर लावते, व कधी रेकते. यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तारीख लिहून ठेवावी आणि साधारण २१ दिवसांनी त्या सुमारास रात्री दहा वाजता व पहाटे उठून पाहावे. हुकलेला प्रत्येक माज म्हणजे तीन आठवड्यांची वैरण दुधावाचून खर्ची पडणे होय. पंढरपुरी वा नागपुरी म्हैस पाळणाऱ्या लहान शेतकऱ्यास असे दोन-तीन माज हुकणे जड जाते, आणि मग चांगली म्हैस भाकड ठरवून बाजार दाखविला जातो.

भीती आणि राग

पान्हा चोरणे हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे जनावरावर चोरीचा आळ येतो. वास्तविक भ्यालेल्या किंवा दुखावलेल्या जनावरात पान्हा सोडविणाऱ्या द्रव्याचे कार्य अडते व दूध कासेतच राहते. धारेच्या वेळी कुत्रे भुंकणे, माणूस बदलणे, आरडाओरडा, यांपैकी काहीही कारण होऊ शकते. गाय एकाएकी लाथ मारू लागली तर तिचे मागचे पाय बांधण्यापूर्वी चारही सड चाचपून पाहावेत व पहिल्या धारा काळ्या कापडावर काढाव्यात. दुधात गुठळ्या दिसल्या तर तो कासदाह होय. पान्ह्यासाठी मालकाने परस्पर इंजेक्शन टोचणे हा यावरील उपाय नव्हे. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असे द्रव्य टोचणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे तिला जवळजवळ सभोवार दिसते; फक्त नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून मुकाट्याने जाऊ नये. बाजूने, खांद्याच्या रोखाने, तोंडाने काही बोलत जावे. भ्यालेले जनावर डोके वर उचलते, पांढरे डोळे दाखविते व पळण्यास वाट शोधते. त्याला वाट द्यावी. रागावलेला वळू मात्र याच्या उलट वागतो. तो आपले अंग आडवे करून दाखवितो, पाठ उंचावतो, हनुवटी आत घेऊन डोके खाली घालतो, फुरफुरतो व पुढच्या पायाने माती उकरतो. ही त्याची सूचना असते. त्याच्याकडे पाठ न करता, तोंड तिकडेच ठेवून सावकाश मागे सरावे, पळू नये.

जेथे जवळ जाऊ नये

एक अवस्था अशी आहे की ती चुकीची वाचल्याने माणसाचा जीव जातो. पिसाळलेले कुत्रे किंवा कोल्हा चावलेले गुरू काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी पिसाळते. ते घोगऱ्या आवाजात सतत ओरडते, तोंडातून लाळ गाळते, गिळू शकत नाही, कुंथते, कधी दुसऱ्यावर चढते. ओरडणे व चढणे पाहून माज समजला जातो. लाळ व गिळण्याची अडचण पाहून घशात आंब्याची कोय अथवा कणीस अडकले असे वाटते, व घरातील कोणी तरी धीराचा मनुष्य तोंडात हात घालतो. आवाज बदललेल्या व लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात पशुवैद्याखेरीज कोणीही हात घालू नये. त्यास मजबूत बांधून मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे, आणि त्याचे दूध वापरू नये. हातास लाळ लागली असल्यास साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. लक्षणे उमटल्यावर या रोगावर उपाय नाही.

पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर बोलताना ‘जनावर बरे नाही’ एवढेच न सांगता, शेवटचा रवंथ केव्हा पाहिला, शेण व लघवी केव्हा झाली, जनावर उभे आहे की बसलेले, मान व कान कसे आहेत, कोणती कूस फुगली आहे, व्याले असल्यास किती दिवस झाले आणि काल काय खाल्ले, ही माहिती द्यावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने हेच प्रश्न एका कागदावर लिहून प्रत्येक गोठ्याच्या खांबाला लावण्यास द्यावेत. त्याच कागदाच्या पाठीवर माजाच्या तारखा लिहिण्यास जागा ठेवावी.